तीन शिट्ट्या

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पाइपाला माझ्या जुन्या पायजम्याचा एक पाय बांधलेला आहे. दुसरा पाय स्वयंपाकघरात ओटा पुसतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत त्या पायाबद्दल बरंच काही बोललं जातं. समोरच्या काकूंना वाटतं की घराला दृष्ट लागू नये म्हणून तो टांगलाय, खालच्या मजल्यावरच्या आजोबांना वाटतं की आम्ही वाळत घातलेलं विसरून जातो, आणि इस्त्रीवाल्याने एकदा तो पायजमा पूर्ण करून देण्याची तयारी दाखवली होती. प्रत्यक्षात तो वारा बघायचा मोजा आहे. विमानतळावर असतो तसा. तिथला नारिंगी-पांढरा असतो, आमचा निळ्या रेघांचा आहे, एवढाच फरक.

दर रविवारी सकाळी सहा वाजता, दूध यायच्या आधी, बायको वर जाऊन पायजमा बघते आणि त्यावर आमचा दिवस ठरतो. पायजमा मेल्यासारखा लोंबत असेल तर वारा नाही, म्हणजे धनुष्यबाण. अर्धा फुगून हलत असेल तर ताशी दहा ते वीस किलोमीटरचा गोड वारा, म्हणजे पॅराग्लायडर. आणि आडवा होऊन फडफडत असेल तर दोन्ही बंद, म्हणजे माळा साफ करायचा. त्यामुळे मला अंगदुखी असली तरी वादळाची प्रार्थना करता येत नाही.

बायकोला दोन्ही खेळ उत्तम येतात. मला दोन्ही खेळांचं सामान उचलता येतं.

याची सुरुवात १ ऑगस्ट २०२४ ला झाली. त्या दिवशी पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत मिळवलं होतं, त्यानंतर बहात्तर वर्षांनी मराठी माणसाच्या गळ्यात वैयक्तिक ऑलिंपिक पदक. नेमबाज तेजस्विनी सावंत आपली, राही सरनोबत आपली, आणि आता हा. कोल्हापूरच्या पाण्यातच नेम आहे अशी त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर सर्वांची खात्री झाली. मीही हेच पाणी सत्तेचाळीस वर्षं पितोय, असा विचार करत मी घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "आपण नेमबाजी शिकूया."

तिने रायफलीची किंमत बघितली. मग परवान्याची भानगड बघितली. मग म्हणाली, "धनुष्यबाण चालेल का?"

तिचंही बरोबर होतं. आदल्याच वर्षी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी बर्लिनमध्ये तिरंदाजीची जगज्जेती झाली होती, उसाच्या शेतात तयार केलेल्या मैदानावर सराव करून. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले, आणि तोही सराव साताऱ्यातच करायचा. हिशेब सरळ होता. ऊस आपल्याकडे साताऱ्यापेक्षा जास्त.

तर गावाबाहेर, उसाच्या फडाला लागून एक मोकळं मैदान आहे, तिथे एक गुरुजी मुलांना शिकवतात. समोर गवताचे गठ्ठे, त्यावर रंगीत कागद, आणि मागे अडवायला मातीचा उंच बांध. स्वप्नीलचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे जेमतेम हरभऱ्याएवढं, आणि तो ते पन्नास मीटरवरून मारतो. आमच्या मोठ्या कागदावरचं दहाचं वर्तुळ १२.२ सेंटीमीटरचं, चांगली चहाची बशी, आणि मला ते वीस मीटरवरून मारायचं होतं. मी पहिल्या दिवशी सहा बाण सोडले. एक गवतात गेला. दोन बांधात गेले. दोन बायकोच्या कागदावर लागले, त्यातला एक आठात, आणि तिने तो नाइलाजाने काढून मला परत दिला. सहावा कुठे गेला ते कुणालाच दिसलं नाही. गुरुजींनी माझे डोळे तपासले. मला म्हणाले, दोन्ही हात पुढे करा, बोटांचा त्रिकोण करा, त्यातून लांबचं झाड बघा, आता एक डोळा मिटा. तेव्हा कळलं की मी हाताने उजवा आणि डोळ्याने डावा आहे. म्हणजे हात ज्या कागदावर असतो, डोळा त्याच्या शेजारच्या कागदावर असतो. सत्तेचाळीस वर्षं माझ्या शरीरात दोन पक्ष होते आणि मला पत्ता नव्हता.

तिरंदाजीचं सगळं मर्म म्हणजे न हलणं. पाय खांद्याएवढे फाकवून उभं राहायचं, डाव्या हाताने धनुष्याची मधली मूठ धरायची, जिला रायझर म्हणतात, दोरी हनुवटीपर्यंत ओढायची, आणि सोडायची म्हणजे झटका द्यायचा नाही, बोटं नुसती सैल करायची. आणि बाण सुटल्यावरसुद्धा तो लागेपर्यंत तसंच पुतळ्यासारखं थांबायचं. इथे माझं गाडं अडतं. बाण सुटला की तो कुठे गेला हे बघायची मला इतकी घाई असते की बोटं सुटायच्या आधी मान वर होते, मान वर झाली की खांदा जातो, खांदा गेला की पाऊल पुढे पडतं, आणि बाण बिचारा या सगळ्या धांदलीतून वाट काढत कुठेतरी जातो. गुरुजी म्हणतात, "साहेब, बाणाला एकट्याला जाऊ दे की. तुम्ही कशाला सोडायला निघालासा?"

त्यात कोपर वळवून धरायचं असतं, नाहीतर सुटलेली दोरी आतल्या बाजूने हातावर सपकन बसते. मला हे बायकोने तीन वेळा सांगितलं होतं. सोमवारी बँकेत बाही वर गेली आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा जांभळा वळ सर्वांना दिसला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने खालच्या आवाजात विचारलं, "हे काय झालं?" मी कागदातून डोकं न काढता खरं ते सांगितलं, "काही नाही हो, बायको सांगत होती, मी ऐकलं नाही." त्या दिवसापासून तो मला रोज स्वतःच्या पैशाने चहा पाजतो. खुलासा करायचा विचार दोनदा मनात आला होता. पण चहा चांगला असतो.

मैदानावर सगळा कारभार शिट्टीवर चालतो. दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या. एक शिट्टी म्हणजे बाण सोडा. तीन शिट्ट्या म्हणजे धनुष्य ठेवा आणि आपापले बाण गोळा करून आणा. तीन शिट्ट्या झाल्याशिवाय रेषेपलीकडे पाऊल टाकायचं नाही, कितीही मोह झाला तरी. दोन महिन्यांत मला एवढं एकच अंगवळणी पडलं, आणि तेही नको तिथे. आमच्या कुकरची डाळ तीन शिट्ट्यांत शिजते. तिसरी शिट्टी झाली की मी हातातला पेपर खाली ठेवतो, उठतो, आणि समोरच्या भिंतीकडे चालू लागतो. आईने हे चार-पाच वेळा बघितलं आणि शेवटी बायकोला म्हणाली, "याच्याकडून गॅस बंद करायचं काम करून घे. नाहीतरी जातोच आहे."

आता उडण्याचं सांगतो. लग्नाच्या वाढदिवसाला पाचगणीला गेलो होतो, तिथे बायको एका अनुभवी पायलटच्या पुढे बसून पॅराग्लायडिंग करून आली. मी खाली स्ट्रॉबेरी खात होतो. उतरल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी आमच्या लग्नातल्या फोटोंमध्ये शोधायचा प्रयत्न केला आहे. ती म्हणाली, "हे शिकायचं." मी माहिती काढायला बसलो, आणि मला तो खेळ आवडला, न उडताच आवडला. कारण त्याचा जन्मच काटकसरीतून झालेला आहे. १९७८ साली फ्रान्समध्ये मियूसी नावाच्या गावी तीन पॅराशूटवाले होते. त्यांना ठरलेल्या खुणेवर अचूक उतरण्याचा सराव करायचा होता, पण दर उडीला विमानाचं भाडं परवडेना. तेव्हा ते पॅराशूट घेऊन डोंगरावर चढले आणि उतारावरून पळत सुटले. भाडं वाचवण्यासाठी डोंगरावरून उडी मारणारी माणसं फ्रेंच कशी निघाली, आपली कशी नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि बघा, तिथेही मूळ भानगड नेमाचीच.

शिकायला आम्ही कामशेतला गेलो. कोल्हापूरपासून पावणेतीनशे किलोमीटर, पुणे ओलांडून जुन्या मुंबई रस्त्यावर. पावसाळा संपला की मे महिन्यापर्यंत तिथल्या टेकड्यांवर रंगीत कापडं फुगलेली दिसतात. पहिल्या दिवशी सामानासकट वजन केलं. ग्लायडर वजनाप्रमाणे घ्यावं लागतं, चपलेसारखं. मी माझं वजन घरून जे सांगून आलो होतो ते तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या आधीचं निघालं. मग मला एक नंबर मोठं, पिवळं ग्लायडर मिळालं आणि बायकोला निळं. तिथे शिकणाऱ्याला नावाने नाही, रंगाने हाक मारतात, कारण खालून वॉकीटॉकीवर बोलणाऱ्याला फक्त रंग दिसतो. चार दिवस ती "निळ्या मॅडम" होती. मी "पिवळे काका".

आता गंमत अशी की, ग्लायडरच्या दोऱ्या जिथे येऊन मिळतात त्या पट्ट्यांनाही रायझरच म्हणतात. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या आमच्या शिक्षकाने "काका, रायझर धरा" म्हटल्यावर मी डावा हात सरळ पुढे ताणला, उजवा हनुवटीला लावला आणि श्वास रोखून पुतळा झालो. वर टेकडीवर दहा-बारा जण होते. सगळे काही क्षण शांत राहिले. मग त्या पोराने हळूच विचारलं, "काका, योगा करता का?"

पॅराग्लायडिंगचं सगळं मर्म म्हणजे पळणं. कापड मागे पसरायचं, वाऱ्यात ते डोक्यावर उभं करायचं, आणि उताराच्या दिशेने पळत सुटायचं. पाय जमिनीवरून उचलले गेले तरी हवेत पळत राहायचं, कारण बऱ्याचदा जमीन पुन्हा एकदा भेटून जाते. जो मध्येच थांबतो किंवा खुर्चीत बसल्यासारखा बसतो तो आपटतो. हे सगळं मला वहीत लिहून घेतल्यासारखं पाठ होतं. माझी पाळी आली. पिवळं कापड डोक्यावर छान उभं राहिलं, दोऱ्या ताणल्या, समोर भाताची कापलेली खाचरं, पलीकडे कार्ल्याच्या बाजूचे डोंगर, आणि मागून पोरगं ओरडायला लागलं, "पळा! पळा! पळा!" मी पाच-सहा पावलं चांगली पळालो, मग एवढ्या तातडीने आपल्याला कुणी काही सांगत असेल तर नीट ऐकून घ्यावं अशा सवयीने थांबलो, मागे वळलो आणि विचारलं, "कुठे?"

कापड माझ्या डोक्यावर पडलं.

दुसऱ्या वेळी मागे वळलो नाही. तिसऱ्या वेळी थांबलोही नाही, आणि एकदम लक्षात आलं की पायांखाली पळायला काही नाही. इथे विनोद जरा बाजूला ठेवतो. आवाज बंद होतो हो. गाड्या, माणसं, बँक, सगळ्याचा. दोऱ्यांमधून वाऱ्याची बारीक शीळ तेवढी येते, आणि आपण कुणी तरी बरे आहोत असं वाटतं. बहुतेक दीड मिनिट. मग खांद्यावरचा वॉकीटॉकी बोलला, "पिवळे काका, हलका डावा ब्रेक." मी उजवा ओढला. "डावा, काका. डावा." माझ्या आतले दोन पक्ष पुन्हा उभे राहिले. हात म्हणाला डावा म्हणजे हा, डोळा म्हणाला डावा म्हणजे तो. शेवटी तो पोरगा शहाणा, म्हणाला, "काका, घड्याळाचा हात ओढा." उतरताना जमीन अगदी पायाशी आली की दोन्ही ब्रेक पूर्ण खाली ओढायचे असतात, म्हणजे कापड थबकतं आणि माणूस अलगद उभा राहतो. मी ते पहिल्या मजल्याच्या उंचीवर ओढायला घेतले. पोरगं वॉकीटॉकीवर ओरडलं म्हणून अर्ध्यावर थांबलो. उरलेलं अंतर मी खाचरातल्या एका म्हशीच्या डोळ्यांत बघत उतरलो. ती जागची हलली नाही. तिरंदाजी तिला जमेल.

बायको माझ्या मागून आली, खुणेच्या कापडापासून चार पावलांवर उभी उतरली आणि तिने विचारलं, "बसलात का?"

कोल्हापूरला परत येताना, कराडच्या पुढे कुठेतरी, मला माझ्या अपयशाचा उलगडा झाला. मी बायकोला म्हटलं, "मला दोन्ही येतं. फक्त अदलाबदल होते. उभं राहायचं तिथे मी पळतो आणि पळायचं तिथे उभा राहतो." ती गाडी चालवत होती. म्हणाली, "मग पुढच्या वेळी तिथे धनुष्य न्या आणि इथे ग्लायडर आणा." ती थट्टा करत होती. पण मला वाटलं, सराव म्हणून वाईट नाही.

कारण दर आठवड्याला कामशेत परवडत नाही, आणि उडण्याआधी महत्त्वाचं असतं ते सपाट जमिनीवर कापड सांभाळायला शिकणं. त्याला टेकडी लागत नाही. वारा आणि मोकळं मैदान पुरतं. गुरुजींचं मैदान संध्याकाळी रिकामंच असतं. जानेवारीतल्या एका रविवारी पायजमा अर्धा फुगलेला दिसला आणि आम्ही चार वाजता तिथे पोचलो. ग्लायडर आता घरचं, जुन्या बाजारातलं पण घरचं. ते पहिल्यांदा हॉलमध्ये पसरलं तेव्हा आईने वितीने मोजून सांगितलं होतं की यात चार साड्या झाल्या असत्या, आणि माझ्या बायकोने हिशेब तपासून म्हटलं होतं, पदर धरून चारच. बायकोने गळ्यात शिट्टी अडकवली, सुरक्षेसाठी, आणि बांधाच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

पहिली पंधरा मिनिटं मी खरोखर चांगला होतो. कापड डोक्यावर उभं, मी त्याच्याखाली दोन पावलं डावीकडे, दोन पावलं उजवीकडे, रस्त्यावरून जाणारा एक दुधवाला सायकल थांबवून बघतोय. मग उसाच्या अंगाने वाऱ्याचा एक झोत आला आणि पिवळं कापड मला ओढायला लागलं. अशा वेळी काय करायचं ते सोपं आहे. कापडाच्याच दिशेने पळत सुटायचं आणि एक ब्रेक सगळा ओढून धरायचा, की ते आपोआप मिटतं. बायको ओरडत होती, "पळा! त्याच्याकडे पळा!" आणि नेमकं त्या मैदानावर, त्या रेषेवर, माझ्या अंगात दोन महिन्यांची तिरंदाजी जागी झाली. मी पाय खांद्याएवढे फाकवले. पाठ ताठ केली. श्वास रोखला. आणि गुरुजींनी आयुष्यभर लक्षात राहील असं शिकवलं होतं तशी, झटका न देता, बोटं अलगद सैल केली.

इतकी सुंदर सुटका माझ्या हातून धनुष्याची कधी झाली नव्हती.

ब्रेक सुटले, कापड पूर्ण फुगलं, आणि मी आधी उभ्याने, मग गुडघ्यांवर, मग पाठीवर असा बांधाच्या कडेने निघालो, वाटेत एक चप्पल ठेवली, पाण्याचा पाट ओलांडला, आणि तोडणीला आलेल्या उसात सरीच्या रेषेने आत शिरलो. पाचटाचा आवाज थांबला तेव्हा मी उताणा होतो. वर तुरे हलत होते आणि त्यांच्यावर आमच्या चार साड्या अंथरल्या होत्या. जरा वेळाने ऊस बाजूला झाला आणि एक टोपीवालं डोकं दिसलं.

"पाव्हणं, कुठनं पडलासा?"

"पडलो नाही मामा. अजून उडालोच नाही."

"मग ह्ये कापाड?"

"ते उडालं."

त्यांनी वर बघितलं, मला बघितलं, बिडी कानामागे ठेवली आणि म्हणाले, "लागलं न्हाई न्हवं? मग पडून ऱ्हावा. ऊस मोडू नगासा, माणसं बोलवून काढतो." आणि ते गेले. मी पडून राहिलो. उठायला हाताने आधार शोधला तर पाचटात काहीतरी गुळगुळीत लागलं. ओढून बघितलं. लाल पिसांचा बाण. माझ्या नावाची अक्षरं त्यावर बायकोच्या वळणदार अक्षरात होती. पहिल्या दिवशीचा सहावा, कुणालाच न दिसलेला, बांधावरून जाऊन दोन महिने इथे पडलेला. एवढ्या मोठ्या फडात, बाण जिथे पडला होता, बरोबर तिथेच मी पडलो होतो. वीतभराचाही फरक नाही. पॅरिस असतं तर दहा गुण.

हे ओरडून बायकोला सांगावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात मैदानाच्या बाजूने, उसाच्या वरून, स्वच्छ तीन शिट्ट्या ऐकू आल्या.